रॉकेटपुढची लेझीम

माझ्या मावसभावानं सैन्यातून परत येताना तीन गोष्टी आणल्या: एक लोखंडी पेटी, एक गरम कोट आणि एक कल्पना. पेटी आणि कोट घरात लगेच कामाला लागले. कल्पनेचं काय करायचं ते बरेच दिवस कुणाला कळलं नाही.

तो सिग्नलमध्ये हवालदार होता. पंधरा वर्षं भरून, पेन्शन घेऊन रहिमतपूरला आला आणि पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. कल्पना त्याला उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर मिळाली होती. ड्यूटी नसताना शॉर्टवेव्हवर काटा फिरवत असताना एक परदेशी स्टेशन लागलं. त्यावर संगीत चालू होतं, पण गाणारा कुणी नव्हता आणि वाजवणाराही नसावा असं वाटत होतं. एकसारखा ठोका, घड्याळाच्या मापाचा, आणि त्यावर लांबून येणारी शीळ. परग्रहावरून एखादं यान उतरायला लागलं की असाच आवाज होणार, अशी त्याची खात्री पटली. यान त्यानं पाहिलं नव्हतं, पण खात्रीला त्याची गरज नसते.

"त्यात कुणीच न्हवतं गड्या," तो मला सांगायचा. "तरी माझं पाय हलाय लागलं. पायात बूट, बुटात तीन मोजं. तरीबी."

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर सिद्ध केलेली गोष्ट टेबलावर का होत नाही, याची कारणं मुलांना सांगायची. घरात माझ्याइतकं सायन्स दुसऱ्या कुणाला येत नसल्यामुळे मावसभावाचा पुरवठा विभाग माझ्याकडे आला. तो पोस्टकार्डावर यादी पाठवायचा, मी सांगलीच्या बाजारात ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, जुन्या सेटमधल्या कॉइल शोधायचो आणि रविवारच्या पॅसेंजरनं रहिमतपूरला पोचवायचो. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांनी सैन्यातून आलेल्या त्या लोखंडी पेटीतले कपडे बाहेर आले आणि आत त्याचं यंत्र बसलं.

पेटीवर नऊ बटणं होती. एकानं ठोका हळू-जलद व्हायचा, एकानं शीळ वर-खाली जायची, आणि एक बटण फिरवलं की सगळाच आवाज दूर जाऊन परत यायचा. त्या बटणाखाली त्यानं पांढऱ्या रंगात 'अंतराळ' लिहिलं होतं. मी आत डोकावून बघितलं आणि मत दिलं की यात विशेष काही नाही, अमुक दोन सर्किटं आहेत आणि एक ॲम्प्लिफायर आहे. तो म्हणाला, तू माणसाच्या आत बघितलंस तरी तेच म्हणशील. मग त्यानं कर्णा जोडून ते लावलं. मी शांतपणे ऐकत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझी टाच जमिनीवर पडते आहे. मी पाय आवरला. त्यानं ते बघितलं होतं.

यंत्राला एकच विरोधक होता, पण तो घरातलाच. मावशीच्या यजमानांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. बारा एकर ऊस, एक ट्रॅक्टर आणि हा एकुलता मुलगा, इतका त्यांचा कारभार होता. वय पासष्टीच्या आसपास. मुलगा पलटणीतून आला की ऊस त्याच्या हवाली करायचा, असं त्यांनी पंधरा वर्षं मनात धरून ठेवलं होतं, आणि मुलगा येऊन दुसऱ्यांचे रेडिओ उघडून बसला होता. आबा फार बोलणारे नव्हते. "पंधरा वरसं सरकारला दिलीस," एकदा जेवताना ते म्हणाले, "आता मला दे." मुलगा खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच.

आबांचा गावात मान होता तो उसामुळे नव्हे, लेझमीमुळे. ते चोवीस जणांचा संच घेऊन खेळायचे. मी लहानपणापासून त्यांना संचाच्या पुढे बघत आलो होतो. डोक्याला पटका, तोंडात शिट्टी, आणि बैठकीचा हात आला की जमिनीला गुडघा टेकतो न टेकतो इतकं खाली जाऊन वर येणं. विशीतली पोरं त्यांच्याकडे बघून लाजायची.

एकोणऐंशी सालचा गणपती हा सगळ्याचा निकाल लावणार हे कुणाला आधी माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात आकाशातून एक परदेशी प्रयोगशाळा पडणार अशी हूल उठली होती. आमच्याकडे काही घरांत कोंबड्या तेवढ्यासाठी आधीच कापून खाल्ल्या. प्रयोगशाळा दुसरीकडे पडली, पण अंतराळाविषयी गावाला जी आस्था निर्माण झाली ती टिकली. पेठेतल्या मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा आपला गणपती रॉकेटमधून जाईल. अध्यक्षांना भाषणाची आवड होती आणि त्या वर्षी त्यांच्या हाती 'अंतराळयुग' हा शब्द लागला होता. वर्गणी मागतानासुद्धा ते या युगाचा उल्लेख करायचे.

रॉकेट डांबराच्या रिकाम्या पिंपांचं झालं. त्याला वरून चहाच्या खोक्यातली चंदेरी बेगड चिकटवली. किराणा दुकानदारांनी महिनाभर ती जपून ठेवली होती. उंदराला शिरस्त्राण घालायचं की नाही यावर कमिटीची एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी, उंदीर वाहन आहे, प्रवासी नाही, या मुद्द्यावर ते वगळण्यात आलं. लेझीमवाल्यांनी मात्र चंदेरी लावलेल्या वेताच्या छोट्या बुट्ट्या डोक्यावर घालायच्या होत्या. तेवीस जणांनी घातल्या. आबांनी बुट्टी हातात घेऊन आतबाहेर बघितली आणि बायकोला दिली. तिनं पुढे तीत लसूण ठेवला.

अडचण हलगीची आली. रहिमतपूरच्या मिरवणुकीत हलगी वाजवणारी जुनी घरं छप्पन सालानंतर बौद्ध झाली आणि दुसऱ्याच्या दारात वाजवायचं त्यांनी बंद केलं. तेव्हापासून वाजवणारे शेजारच्या गावाहून यायचे. त्या वर्षी त्यांनी साताऱ्याच्या मोठ्या मिरवणुकीची सुपारी घेतली. विसर्जनाला आठ दिवस राहिले होते. मावसभाऊ मंडळाच्या बैठकीत उठला आणि म्हणाला, रॉकेटपुढं हलगी शोभणारच नव्हती, माझ्याकडे यंत्र आहे. अध्यक्षांनी हे आपल्याच मनात होतं असं सांगून टाकलं.

आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, यंत्र किती वेळ वाजतं? मुलगा म्हणाला, थांबवेपर्यंत, ते दमत नाही. बैठकीत पंचवीसएक माणसं होती. आबा उठून उभे राहिले.

"दमत न्हाई म्हंतोस न्हवं? मग मिरवणुकीत लाव. आदी आमी थांबलो, तर जलमात दुकानाचं नाव काडणार न्हाई. आदी ते थांबलं, तर दुकानाची किल्ली माझ्याकडं."

मुलगा म्हणाला, "चालंल."

एवढंच. उसाचा विषय कुणी काढला नाही, पण तो सगळ्यांना दिसत होता. किल्ली गेली की तो मळ्यात जाणार, हे न सांगता कळत होतं.

गावात पोस्टात काम करणारा मावसभावाचा एक शाळासोबती होता. याचे वडील एके काळी याच मिरवणुकीत हलगी वाजवत. यानं कधी हलगी हातात घेतली नव्हती, पण कान घरचा होता. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला आणि अर्धा तास उभं राहून यंत्र ऐकलं. ठोका चांगला आहे म्हणाला. मग म्हणाला, "पण शेकायचं कवा?"

मावसभावाला आधी कळलं नाही. मग मित्रानं समजावून दिलं. हलगीचं कातडं वाजवून वाजवून सैल पडतं. मग पाव तासानं वाजवणारा थांबतो, रस्त्याच्या कडेला चिपाड पेटवून हलगी शेकतो, कातडं ताणलं की पुन्हा उभा राहतो. तेवढ्यात लेझीमवाले पाणी पितात, तंबाखू मळतात, गुडघे चोळतात. "लोकास्नी वाटतं हलगी शेकत्यात," तो म्हणाला, "माणसं शेकत्यात ती."

मावसभाऊ अभिमानानं म्हणाला की यंत्राला शेकावं लागत नाही.

"तेच म्हंतोय मी," पोस्टातला म्हणाला. "आमी वाजवायचं सोडलं, आता ह्यानं धरलंय. धरू दे."

बॅटरीचा प्रश्न मी सोडवला, म्हणजे विचारला. दुकानातली मोटारीची एक बॅटरी होती, पण ती जुनी होती. दीड तास चालेल, दोन तास चालेल, सांगता येत नव्हतं. मिरवणूक तर दुपारी चारला निघून दिवेलागणीला नदीवर पोचायची. दुसरी बॅटरी हवी होती, आणि आमच्या ओळखीत ती एकाच ठिकाणी होती: आबांच्या ट्रॅक्टरमध्ये. मावसभाऊ मागायला गेला तेव्हा मी बाहेर थांबलो. आबांनी पाना स्वतः आणून दिला. म्हणाले, सकाळी परत लाव, मला मळ्यात जायचंय. ज्या पैजेत हरायचं नाही तिच्यासाठी समोरच्याला दारूगोळा पुरवणारा माणूस मी तोपर्यंत पुस्तकातच वाचला होता.

रॉकेट ओढायला ट्रॅक्टर तसाही चालणार नव्हता. इंजिन चालू असलं की डायनामोचा खरखराट कर्ण्यात यायचा. म्हणून रॉकेट बैलगाडीवर चढलं. अंतराळयुग आमच्या पेठेतून निघालं ते दोन बैलांच्या गतीनं. गाडीत पुढे गाडीवान, मध्ये गणपती आणि रॉकेट, मागे पेटी, मावसभाऊ आणि मी. माझ्या पायांमध्ये ट्रॅक्टरची बॅटरी, तारा जोडून तयार. पेटीच्या कडेला एक खटका होता. जुनी बॅटरी उतरायला लागली की तो फक्त उलटा टाकायचा.

अध्यक्षांचं भाषण लांबल्यानं साडेचारला निघालो. मावसभावानं ठोका सुरू केला. समोर तेवीस चंदेरी बुट्ट्या आणि एक पटका. आबांनी शिट्टी फुंकली आणि लेझीम सुरू झाली.

खरं सांगायचं तर चांगलं दिसत होतं. मला असल्या थाटामाटाची चेष्टा करायची सवय आहे आणि त्या दिवशीही मी तयारीनं बसलो होतो. पण चोवीस लेझमींची एकदम छमछम, तिच्याखाली तो न चुकणारा ठोका, आणि वर लांबून येणारी शीळ, हे एकत्र झालं तेव्हा पेठेतली माणसं बोलायची थांबली. बायका माडीवरून वाकल्या. म्हातारी माणसं आकाशाकडे बघायला लागली. पहिला पाव तास असा गेला.

पाव तासानंतर संचातल्या माणसांनी सवयीनं मागे बघितलं. हलगीवाला थांबायची ती वेळ. मागे हलगीवाला नव्हता. ठोका चालू होता. त्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी लेझमीचा हात बदलला आणि पुढे गेले.

आमच्याकडची रीत अशी की वाद्य चालू असताना लेझीम थांबत नाही. तो वाद्याचा अपमान होतो, आणि त्याहून जास्त खेळणाऱ्याचा. कधी थांबायचं ते वाजवणारा आणि पुढचा गडी नजरेनं ठरवतात. आता एकीकडे पेटी होती, तिला नजर नव्हती. आणि ज्याला होती, तो मावसभाऊ थांबला तर दुकान जात होतं. दुसरीकडे आबा थांबले तर मुलगा कायमचा जात होता. त्यामुळे कुणीच थांबलं नाही. अर्धा तास झाला, तास झाला. दोन माणसं बाजूला बसली आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही, कारण आबा खेळत होते तोवर संच खेळत होता. बुट्ट्या घामानं ओल्या होऊन चंदेरी सुटायला लागली. पोस्टातला मित्र कडेनं चालत होता. त्यानं दोनदा माझ्याकडे बघून मान हलवली. एकदा पाण्याची कळशी घेऊन आबांजवळ गेला. आबांनी न थांबता पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

मावसभाऊ सुरुवातीला बटणांशी खेळत होता. तासाभरानंतर त्यानं बटणांना हात लावणं सोडलं. तो फक्त समोर बघत होता. मीही बघितलं. बैठकीच्या हाताला आबांचा डावा गुडघा आता अर्ध्यावरच थांबत होता, आणि वर येताना ते लेझमीच्या दांड्याचा आधार घेतल्यासारखं करत होते.

देवळाच्या वळणावर आवाज बदलला. मला आधी वाटलं भास आहे. ठोक्याठोक्यातलं अंतर किंचित वाढलं होतं आणि शीळ खाली सरकत होती. जुनी बॅटरी उतरत होती. मावसभावानं ठोका आणि शीळ दोन्ही थेट बॅटरीवरच चालवली होती, त्यामुळे दोन्ही एकदम उतरत होती. मी तारा चाचपल्या, सगळं तयार होतं. त्याचा हात खटक्यावर होता.

"टाकतोस का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

मला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. त्यानं खटक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ठोका संथ झाला, आणखी संथ झाला. आणि समोर एक विलक्षण गोष्ट झाली. रीत अशी की पाय वाद्याबरोबर जातात, म्हणून संचही संथ झाला. बावीस माणसं पाण्यातून चालल्यासारखी एकेक पाऊल उचलायला लागली. हात सावकाश वर, सावकाश खाली. लेझमीची छमछम सुटी सुटी होऊन एकेक चकती ऐकू यायला लागली. शीळ खोल जाऊन गुरगुरल्यासारखी झाली. आबा शेवटच्या बैठकीला खाली गेले ते इतक्या सावकाश की गुडघा खरोखर टेकला, आणि त्याच वेळी ठोका थांबला. ते तसेच दोन क्षण टेकून राहिले. मग उठले.

गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना हे बसवलेलंच वाटलं. अध्यक्ष गाडीवर चढून म्हणाले की चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी असतं आणि तिथे लेझीम अशीच खेळावी लागेल, हे आपल्या मंडळानं प्रात्यक्षिकासह दाखवलं आहे. माझ्याकडे बघून, सायन्सची माणसं इथे बसली आहेत, असंही म्हणाले. मी माझ्या पायांमधल्या बॅटरीवर उपरणं टाकलं.

यंत्र आधी थांबलं होतं. मावसभावानं खाली उतरून खिशातून किल्ली काढली आणि आबांच्या हातात दिली. आबांनी ती करगोट्याला अडकवली. नदीपर्यंतची मिरवणूक नुसत्या टाळांवर गेली.

मी रात्री तिथेच राहिलो. सकाळी मावसभावानं ट्रॅक्टरची बॅटरी लावून दिली आणि तो घरात जाऊन बसला. रेडिओ ऐकत नव्हता, नुसता बसला होता. आबांनी अंगणात चार गडी बोलावून ठेवले होते. इतका वेळ कर्णा वाजवल्यावर बॅटरीत काही राहिलं नसणार, ट्रॅक्टर ढकलावाच लागणार, असा त्यांचा हिशेब होता. गड्यांनी मागून हात लावले. आबांनी बसून चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. गडी हात लावून तसेच उभे.

आबांनी इंजिन बंद केलं. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा लागलीच चालू. पुन्हा बंद केलं आणि तसेच सीटवर बसून राहिले. मग मला हाक मारली.

"मास्तर, ही लावलीच न्हवती?"

मी नाही म्हटलं.

"खटका बिघडला हुता?"

नाही, चांगला होता, मी म्हटलं. आबा डावा गुडघा चोळत बसले. गड्यांना म्हणाले, मळ्यात चला, मी येतो मागनं. आणि ट्रॅक्टर तिथेच ठेवून लंगडत पेठेत गेले.

मी मावसभावाला घेऊन मागोमाग गेलो तर दुकान उघडं होतं. आबा आत स्टुलावर बसले होते. समोर एक उघडा रेडिओ होता आणि ते त्याच्याकडे, खत टाकलेल्या जमिनीकडे बघावं तसे बघत होते. मुलगा उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"किल्ली माझ्याकडं ऱ्हाणार," आबा म्हणाले. "पैज म्हंजी पैज. सकाळी मी उघडीन, सांजला मी लावीन. मधी तू बस." मग उठता उठता म्हणाले, "आन त्या पेटीत शेकायला जागा कर. माणूस मरंल."

त्याप्रमाणे झालं. आबा असेपर्यंत ते रोज आठला येऊन कुलूप काढायचे आणि मळ्यात जायचे. संध्याकाळी येऊन लावायचे. उसाला पाणी पाजायला मुलगा रविवारी जायला लागला. माझ्या रविवारच्या गाडीला तो त्यामुळे दुकानात सापडेना, तर त्यानं सामान पोचवायचा वार बदलला.

पेटीत त्यानं दहावं बटण बसवलं. त्याखाली पांढऱ्या रंगात 'शेक' लिहिलं. पाव तास झाला की ठोका हळूहळू उतरत थांबायचा आणि काही वेळानं आपोआप चढत पुन्हा सुरू व्हायचा. पुढच्या वर्षी रॉकेट नव्हतं. अध्यक्षांना तोवर दुसरं युग सापडलं होतं. पण लेझीम पेटीवरच झाली. पहिल्यांदा ठोका उतरून थांबला तेव्हा माणसं कडेला गेली, पाणी प्याली, तंबाखू मळू लागली. पोस्टातला मित्र घरून चिपाडाची पेंडी घेऊन आला होता. त्यानं ती रस्त्याच्या कडेला पेटवली. शेकायला काहीच नव्हतं. आबा जाऊन जाळाजवळ बसले आणि डावा गुडघा पुढे केला.